खिरीची वाटी आणि कलकत्त्याचा गहू

आमच्या देव्हाऱ्यात आईची अन्नपूर्णा आहे. पितळेची, अंगठ्याएवढी, हातात आडवी पळी धरलेली. लग्नाच्या दिवशी गौरीहरापुढे बसून आई हिच्यावरच चिमूट चिमूट तांदूळ वाहत होती आणि मामा बोलवायला येईपर्यंत वाहत राहिली. मग ही मूर्ती तिच्याबरोबर सासरी आली आणि तेव्हापासून वाटीभर तांदळात उभी आहे. बहुतेक मराठी घरांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने सांगता येईल. त्यामुळे अन्नपूर्णा ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पळी दिसली की ती अन्नपूर्णा, इतकं साधं आहे ते.

म्हणूनच कॅनडातल्या रिजायना शहराची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती दोनदा वाचली. तिथल्या कलासंग्रहात एक दगडी मूर्ती होती. उंची १७ सेंटीमीटर, रुंदी ९, जाडी ४. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हातात पळी. आणि संग्रहाच्या नोंदीत तिचं नाव होतं विष्णू! वाराणसीच्या घाटावरून गेलेली अठराव्या शतकातली ही अन्नपूर्णा शंभराहून जास्त वर्षं परक्या देशात, परक्या नावाने राहिली. भारतातून तिच्यासाठी कुणी अर्ज केलेला नव्हता, कारण ती तिथे आहे हेच इथे कुणाला माहीत नव्हतं. तरी ती परत आली. कॅनडात जन्मलेल्या एका बाईने तिला ओळखलं आणि तिथल्या विद्यापीठाने ते मानलं.

मूर्ती नेली कुणी, इथून सुरुवात करू. नॉर्मन मॅकेन्झी हा रिजायनातला नामांकित वकील. जन्म १८६९चा. चित्रं आणि जुन्या वस्तू जमवण्याचा त्याला मोठा नाद. ३० जून १९१२ रोजी रिजायनावर भयंकर टोर्नेडो आला. २८ माणसं गेली, घरंच्या घरं उडाली. कॅनडाच्या इतिहासातला आजवरचा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो हाच. मॅकेन्झीच्या संग्रहाचंही त्यात मोठं नुकसान झालं. पण त्याने नव्याने जमवायला घेतलं, जगभर फिरू लागला, आणि १९१३मध्ये भारतात, वाराणसीत येऊन पोहोचला. गंगेच्या काठी दगडी पायऱ्यांवरच्या एका देवळात त्याला ही मूर्ती दिसली आणि ती आपल्याकडे असावी असं तो बोलून गेला. ते बोलणं जवळच्या एका माणसाने ऐकलं. त्याने मूर्ती चोरली आणि आणून साहेबाच्या हाती दिली.

घाटावर मी गेले तेव्हा हेच डोक्यात होतं, म्हणून माझी नजर सारखी कोनाड्यांकडे जात होती. काशीच्या घाटावर देव शोधावे लागत नाहीत. पायऱ्यांच्या वळणावर, पिंपळाच्या पारावर, भिंतीतल्या हातभर देवळीत, कुठेही शेंदूर लावलेली एखादी मूर्ती बसलेली असते. कुठे नाक झिजलेलं, कुठे हात तुटलेला, आणि प्रत्येकीपुढे आजचंच फूल. तिथे कुलूप नाही, राखण नाही. गंगेवरून ओला लोटा घेऊन वर येणारं कुणीतरी चार थेंब घालून पुढे जातं, तीच काय ती पूजा. हे रोज पाहणाऱ्याला मूर्ती उचलून नेणं फार अवघड गेलं नसणार. मला राहून राहून दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. कुणीतरी नेहमीसारखं दोन दाणे वाहायला वाकलं असेल आणि हात रिकाम्या जागेवर थबकला असेल.

आणि ती मूर्ती कुठल्या काशीतली? आपण मराठी माणसांनी जी उभी केली त्याच काशीतली. हिचा घडणीचा काळ अठरावं शतक. त्याच शतकात अहल्याबाई होळकरांनी १७८०मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा बांधलं. अन्नपूर्णेचं प्रसिद्ध मंदिर थोरल्या बाजीरावांच्या काळातलं असं सांगतात. पुढे १८२८मध्ये ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप उभारला. घाटांची नावं वाचत चाललं तरी होळकर, शिंदे, भोसले, पेशवे ओळीने भेटतात. त्याच्याही आधी, १५७३मध्ये एकनाथांनी आपलं भागवत याच गावात पुरं केलं. काशीच्या एखाद्या मराठी वाड्यातल्या बाईने या वीतभर अन्नपूर्णेपुढे हात जोडले नसतील असं मला तरी म्हणवत नाही.

काशीत अन्नपूर्णेचा मान वेगळाच. शंकर म्हणाले, सगळं जग माया, अन्नसुद्धा माया. पार्वतीला ते लागलं आणि ती अंतर्धान पावली. त्याबरोबर धान्य उगवेना, सृष्टी भुकेने तडफडू लागली. मग माउलीलाच दया आली. तिने काशीत चूल पेटवली आणि तिच्या दारी पहिला भिकारी आला तो साक्षात शंकर, हातात कपालपात्र घेऊन. काशीत कुणी उपाशी झोपत नाही असं तिथले लोक म्हणतात ते या भरवशावर. तिच्या मंदिरात आजही रोज पंगती उठतात. दिवाळीत धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत मोजके दिवस तिची सोन्याची मूर्ती दर्शनाला उघडतात आणि येणाऱ्याच्या हातावर एक नाणं आणि मूठभर लाह्या पडतात. त्याला 'खजाना' म्हणतात. नाणं तिजोरीत आणि लाह्या धान्याच्या डब्यात ठेवायच्या.

अशा देवीला नशिबाने नेलं ते नेमकं कुठे, हे पाहिलं की मी थक्क होते. रिजायना ही सस्कॅचेवान प्रांताची राजधानी, आणि सस्कॅचेवान म्हणजे कॅनडाचं धान्याचं कोठार. नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट जमीन आणि तिच्यावर गहू. रिजायना हा लॅटिन शब्द, अर्थ राणी. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीवरून १८८२मध्ये ते नाव पडलं. त्याआधी तिथले क्री लोक त्या जागेला 'हाडं रचलेली जागा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. गव्यांच्या, म्हणजे तिथल्या बायसनच्या, शिकारीनंतर त्यांची हाडं तिथे रचून ठेवलेली असत. पुढे बंदुका आल्या, आगगाडी आली आणि काही वर्षांत लाखोंचे कळप संपले. ज्यांचं अन्नच तो गवा होता त्या मूळच्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. आज सोनेरी गहू डोलतो ती जमीन आधी ही भूक पाहून बसलेली आहे, हे विसरून त्या गव्हाचं कौतुक करता येत नाही.

आता त्या गव्हाचीच गोष्ट ऐका. मला तर ती मूर्तीच्या गोष्टीइतकीच अद्भुत वाटते.

सस्कॅचेवानमध्ये हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. हिमदहिवराची भीती नसलेले दिवस वर्षाकाठी जेमतेम तीन-साडेतीन महिने. तेवढ्या अवधीत पेरायचं, पिकवायचं, कापायचं. सुरुवातीचे शेतकरी 'रेड फाइफ' नावाचा गहू पेरत. दाणा उत्तम, पाव सुरेख, पण पिकायला थोडे दिवस जास्त घेई, आणि तेवढ्यात दहिवर पडून उभं पीक काळवंडे. सरकारी प्रयोगशेतांचे प्रमुख विल्यम साँडर्स यांनी मग लवकर पिकणारे गहू जगभरातून मागवले. त्यांत एक गहू आपल्याकडचा होता. त्याचं नाव 'हार्ड रेड कलकत्ता'. दाणा लालसर, टणक आणि लवकर पिकणारा. १८९२मध्ये या कलकत्त्याच्या गव्हाचा रेड फाइफशी संकर झाला. आई कलकत्त्याची, बाप रेड फाइफ.

संकरातून आलेली रोपं एकसारखी नव्हती. त्यांतलं चांगलं कुठलं ते निवडायचं काम पुढे १९०३च्या सुमारास विल्यमच्या मुलाकडे, चार्ल्सकडे आलं. हा चार्ल्स शिकलेला रसायनशास्त्र, पण जीव सगळा संगीतात. पाव भाजून पाहण्याइतकं धान्य हाती नव्हतं, नुसत्या काही ओंब्या होत्या. मग त्याने काय करावं? प्रत्येक ओंबीतले चार दाणे तोंडात टाकून चावायला सुरुवात केली. दाण्याचा जो चिकट गोळा तोंडात उरतो तो किती ताणला जातो, किती लवचीक आहे, त्यावरून तो पीठ कसं होईल ते ठरवी.

हे वाचलं आणि मला आमचं खळं आठवलं. मळणीच्या दिवसांत आम्ही पोरं मूठभर गहू तोंडात टाकून चघळत बसायचो. कोंडा थुंकून टाकला की मागे रबरासारखा चिकट गोळा राहायचा, आणि कुणाचा जास्त वेळ टिकतो याची पैज लागायची. आजोबा मात्र तोच गहू चावून सांगायचे की ह्याची पोळी वातड होईल, ह्याची मऊ. तिकडे ओटावात एक संगीतवेडा शास्त्रज्ञ नेमकं तेच करत होता, आणि त्याच्या दाताखाली आपल्याच देशातल्या गव्हाची लेक होती.

त्याने निवडलेल्या वाणाचं नाव 'मार्क्विस'. १९०७मध्ये त्याचं थोडं बियाणं सस्कॅचेवानमधल्या इंडियन हेड या गावच्या प्रयोगशेतावर गेलं. तिथे तो रेड फाइफच्या आधी आठवडाभर तरी पिकला, दहिवराच्या तावडीतून सुटला आणि उताराही जास्त आला. १९११मध्ये सस्कॅचेवानच्या रोस्थर्न गावचा शेतकरी सीगर व्हीलर आपला मार्क्विस घेऊन न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गेला आणि जगातल्या सर्वोत्तम गव्हाचं, हजार डॉलर सोन्यातलं बक्षीस घेऊन आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला त्या सगळ्या गवताळ मुलुखात मुख्य गहू म्हणजे मार्क्विसच झाला होता. कॅनडा जगाला गहू पुरवणारा देश झाला तो या वाणाच्या बळावर.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १९१३मध्ये मॅकेन्झी काशीची अन्नपूर्णा घेऊन रिजायनाला पोहोचतो, तेव्हा त्या शहराभोवतीच्या शेतांत भारतातल्या गव्हाचा वंश आधीच वाढीला लागलेला आहे! बियाणं मागून नेलं होतं, निगुतीनं जपलं होतं, आणि त्याचे लाखो दाणे झाले. मूर्ती चोरीची होती. ती संग्रहात गेली आणि तिचं नावही हरवलं.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. देवीच्या पाठोपाठ वर्षभरातच, २३ मे १९१४ रोजी 'कोमागाता मारू' ही आगबोट ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचली. त्यांत बहुतेक पंजाबी शीख होते. कॅनडाने त्यांना उतरू दिलं नाही. दोन महिने बोट तिथेच नांगरून राहिली, आतल्यांचं अन्नपाणी संपत आलं, आणि २३ जुलैला मोजके लोक सोडून बाकी सगळ्यांना माघारी फिरावं लागलं. दगडाच्या देवीला कुणी अडवलं नव्हतं. हाडामांसाच्या माणसांना मात्र दार बंद होतं.

तो देश आज तसा राहिलेला नाही. मला कॅनडाचं अप्रूप वाटतं ते इथे. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी संसदेत जाहीर केलं की अनेक संस्कृतींनी मिळून राहणं हेच देशाचं धोरण. येणाऱ्याने आपली भाषा, आपला देव, आपला स्वयंपाक दारात ठेवून आत यायची गरज नाही. १९८८मध्ये त्याचा कायदाही झाला. कोमागाता मारूबद्दल १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन त्रुदो यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. त्याआधी ११ जून २००८ रोजी स्टीफन हार्पर यांनी मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं गेलं त्याबद्दल माफी मागितली होती. सगळं भरून निघालं असं तिथले मूलनिवासीही म्हणणार नाहीत, पण देशाच्या संसदेने आपली चूक मोठ्याने म्हणावी ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

कॅनेडियन माणूस ऊठसूट 'सॉरी' म्हणतो, असं तिथे राहून आलेले सगळे सांगतात. धक्का तुम्ही दिला तरी तोच सॉरी म्हणणार. ही सवय त्यांनी कायद्यातसुद्धा घालून ठेवली आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६मध्ये आणि ओंटारिओने २००९मध्ये माफीचा कायदाच केला: कुणी माफी मागितली म्हणून तेवढ्यावरून दिवाणी दाव्यात त्याला दोषी धरता येणार नाही. कल्पना किती माणुसकीची आहे पाहा. वकिलाच्या भीतीने माणसाच्या ओठावरची माफी गिळली जाऊ नये, एवढ्यासाठी कायदा. अशा देशाला आपल्या मॅपलच्या पानाचा अभिमान वाटत असेल तर मला तो पटतो. टोरांटोत इन्सुलिन शोधणाऱ्या मंडळींपैकी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं, हेही त्या अभिमानातलंच. इन्सुलिनची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात दिसली की मला ते तीन डॉलर आठवतात.

तर या बदललेल्या कॅनडाची लेक म्हणजे दिव्या मेहरा. भारतीय वंशाची, विनिपेगमध्ये जन्मलेली कलावंत. १९३६मध्ये मॅकेन्झी वारला, मृत्युपत्राने त्याचा संग्रह तिथल्या महाविद्यालयाकडे आणि पुढे रिजायना विद्यापीठाकडे आला. १९५३मध्ये त्याच्या नावाची कलादालनाची इमारत उभी राहिली. २०१९मध्ये प्रदर्शनाच्या तयारीसाठी दिव्या त्या संग्रहाचे कागद चाळत होती. तिची नजर या मूर्तीवर थांबली. नोंद म्हणते विष्णू, पण ही तर बाई आहे, आणि हातात वाटी! तिने जुने कागद खणून काढले तेव्हा चोरीची सगळी हकिकत त्यातच सापडली. अमेरिकेत सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयातले भारतीय कलेचे जाणकार सिद्धार्थ शाह यांनी मूर्ती पाहून सांगितलं, ही काशीची अन्नपूर्णा.

दिव्याने कलादालनाला सांगितलं, ही परत गेली पाहिजे. दालनाची धुरा तेव्हा जॉन हॅम्प्टन यांच्याकडे होती, जे स्वतः चिकासॉ या मूलनिवासी राष्ट्राचे नागरिक. आपल्या पूर्वजांच्या वस्तू दुसऱ्यांच्या काचेच्या पेटीत पाहण्याचं दुःख काय असतं, हे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको होतं. कॅनडातले मूलनिवासी स्वतः अशाच वस्तू जगभरातून परत मागत आले आहेत. १९२९मध्ये निस्गा लोकांच्या गावातून नेलेला ११ मीटर उंच कोरीव स्मृतिस्तंभ एडिंबरोच्या संग्रहालयाने २०२३मध्ये त्यांना परत दिला. देणं आणि मागणं या दोन्ही बाजू त्या देशाने अनुभवल्या आहेत.

कायद्याने विद्यापीठावर बंधन नव्हतं. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७०चा, तो मागच्या काळाला लागत नाही. खजुराहोची पोपट घेतलेली बाराव्या शतकातली सुंदरी एप्रिल २०१५मध्ये कॅनडाने भारताच्या पंतप्रधानांच्या हाती दिली, ती त्या कराराच्या आधारे. अन्नपूर्णेसाठी तसलं काही नव्हतं. होता तो विद्यापीठाच्या मनाचा प्रश्न. १९ नोव्हेंबर २०२० रोजी, करोनामुळे पडद्यावरच, एक छोटा समारंभ झाला. प्रभारी कुलगुरू थॉमस चेस यांनी मूर्ती भारताचे उच्चायुक्त अजय बिसारिया यांच्या स्वाधीन केली. आणि तारीख पाहा. १९ नोव्हेंबर ही झाशीच्या राणीची रूढ जन्मतारीख. काशीत जन्मलेल्या मराठी मणिकर्णिकेच्या वाढदिवशी काशीची अन्नपूर्णा सुटली. योगायोगच तो, पण मला फार गोड वाटतो.

दिव्याने मूर्तीच्या जागी काय ठेवलं, तेही सांगण्यासारखं आहे. मूर्तीच्याच वजनाची वाळूची एक लहानशी पिशवी. १९८१च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटात नायक देवळातली सोन्याची मूर्ती उचलतो आणि वजन बदलून सापळा सुटू नये म्हणून जागेवर वाळूची पिशवी ठेवतो, ते दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. शंभर वर्षं पाश्चात्त्य माणूस हा खेळ आपल्या देवळांत करत आला. दिव्याने तोच त्यांच्या कलादालनात उलटा करून दाखवला, आणि कलादालनाने तिला तो करू दिला. आपल्याच घरावर बोट ठेवणाऱ्या या मुलीला २०२२मध्ये कॅनडाचा सोबी कला पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर २०२१मध्ये मूर्ती भारतात पोहोचली. ११ नोव्हेंबरला दिल्लीत ती उत्तर प्रदेश सरकारकडे सोपवली गेली आणि तिथून फुलांनी सजवलेल्या गाडीतून निघाली. अलीगढ, कनौज, अयोध्या अशी गावं घेत ती काशीला आली. वाटेत लोक आरत्या घेऊन रस्त्यावर उभे होते. १५ नोव्हेंबरला काशी विश्वनाथाच्या आवारात ईशान्य कोपऱ्यात तिची स्थापना झाली. तो दिवस कार्तिकी एकादशीचा होता. चार महिने झोपलेला विष्णू त्या दिवशी जागा होतो असं आपण मानतो. विष्णू म्हणून नोंदवलेली अन्नपूर्णा नेमकी त्याच दिवशी आपल्या खऱ्या नावाने जागी झाली.

त्यानंतर दोन वर्षांत भारत आणि कॅनडा यांच्या सरकारांत बरीच कटुता आली. पण धान्याची ये-जा त्याआधीची आहे आणि तिला मुळं खोल आहेत. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या अल स्लिंकार्ड यांनी १९७२पासून त्या थंड मुलुखात मसूर पिकवण्याचा ध्यास घेतला, १९७८मध्ये 'लेअर्ड' हा वाण दिला, आणि गव्हाच्या शेतकऱ्यांनी डाळीकडे वळायला सुरुवात केली. आज मसूर निर्यात करणाऱ्या देशांत कॅनडा पहिला, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. रगड्यातला वाळका वाटाणासुद्धा बराचसा तिकडूनच येतो. ज्यांच्या शेतात कलकत्त्याच्या गव्हाची लेक नांदली, त्यांच्याच शेतातलं कडधान्य आता आपल्या ताटात येतं. कराड-इस्लामपूरच्या वाटेवर ढाब्यावर बसून रोटीबरोबर अख्खा मसूर ओरपताना मी हल्ली हटकून एकदा तरी त्या लांबच्या सपाट मुलखाचा विचार करते.

विश्वनाथाच्या आवारात मी गेले तेव्हा गर्दी पुढे ढकलत होती. अन्नपूर्णेच्या कोपऱ्यात थांबायला मिळालं ते दहा-बारा सेकंद. मूर्ती इतकी लहान की वस्त्र, हार, फुलं यांच्यामागे वाटी आणि पळी नीट दिसेनात. माझ्या शेजारी काठापदराची साडी नेसलेल्या एक आजी होत्या. बोलण्यावरून सोलापूरकडच्या वाटल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून चिमूटभर तांदूळ काढले, रांगेच्या कठड्यावरून हात लांब केला, पण पोहोचेना. मागच्या माणसाने ते दाणे आपल्या हातात घेतले, त्याने पुढच्याला दिले, आणि असे करत करत ते तांदूळ देवीपाशी गेले.

घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शुक्रवार होता. तिने अन्नपूर्णेला वाटीतून उचललं, पदराने पुसलं, वाटीत नवे तांदूळ घातले, आणि जुने तांदूळ भाताच्या पातेल्यात टाकले.

"तिकडे इतकी वर्षं तिच्या वाटीत कुणी काही घातलं असेल का गं?" तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता आणखी मूठभर तांदूळ पातेल्यात वाढवले.